मुलगे ज्युदोला, मुली स्वयंपाकघरात: जपानने गृहशास्त्र सगळ्यांचं कसं केलं त्याची गोष्ट

एप्रिल १९९४ मध्ये जपानच्या हायस्कुलात जी पोरं पहिल्या वर्षाला आली (तिकडचं हायस्कूल म्हणजे साधारण आपली दहावी ते बारावी) त्यांच्या टाइमटेबलमध्ये एक गोष्ट आधीच्या सगळ्या बॅचपेक्षा वेगळी होती. गृहशास्त्राचा तास मुलग्यांनाही होता, आणि तो ऑप्शनल नाही तर कम्पलसरी, मार्कांसकट. त्याआधी वीसेक वर्षं काय चालायचं तर तास लागला की मुली स्वयंपाकघराच्या वर्गात नाहीतर शिवणाच्या वर्गात जायच्या आणि मुलग्यांना त्या बदल्यात पीटीचे जास्तीचे तास, ज्युदो वगैरे. एकच शाळा, एकच इयत्ता, आणि निम्मा वर्ग शिकतोय की घर कसं चालतं, उरलेला निम्मा वर्ग कुस्ती खेळतोय.

मी ज्युनियर कॉलेजला गृहविज्ञान शिकवते. आमच्या वर्गात सगळ्या मुली. एका वर्षी एक मुलगा खरंच विचारायला आला होता, त्याला पुढे हॉटेल लाइनला जायचं होतं, घरच्यांनी नको म्हटलं आणि विषय तिथेच संपला. त्यामुळे जपानचं हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं, कारण तिथे नेमका हाच प्रश्न होता, आणि तो त्यांनी भांडून, वेळ लावून, पण शेवटी सोडवला. शाळेत गृहशास्त्र शिकवून काय उपयोग असं कोणी विचारलं की मी हीच केस सांगते.

मुळापासून बघू. १८९३ साली जपान सरकारने आदेश काढला की प्राथमिक शाळांत मुलींसाठी शिवण घाला. कारण साधं होतं, मुली शाळेतच येत नव्हत्या, आईबापांना वाटायचं पोरीला शाळेत पाठवून हातात काय येणार, तर निदान सुईदोरा तरी शिकेल म्हणून पाठवतील. पुढे १८९९ ला मुलींच्या हायस्कुलांचा कायदा आला आणि चांगली बायको आणि शहाणी आई घडवायची हे धोरणच झालं. आपल्याकडेही त्या काळात हीच भाषा होती, नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असताना १९४७ ला शाळेचा सगळा अभ्यासक्रम नव्याने लिहिला गेला तेव्हा 'कातेइका' म्हणजे गृहशास्त्र हा नवा विषय आला, पाचवी आणि सहावीला, मुलगे आणि मुली दोघांना. तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की ही जुन्या शिवण आणि घरकामाची जोडाजोड नाही, नुसता हातकामाचा विषय नाही आणि मुलींचा विषय तर नाहीच. म्हणजे सुरुवात एकदम बरोबर झाली होती. गाडी घसरली ती नंतर. १९५८ चा अभ्यासक्रम आला तेव्हा देशाला कारखाने उभारायचे होते, इंजिनियर हवे होते, मग मिडल स्कूलला (साधारण सातवी ते नववी) विषयाचे दोन तुकडे केले, मुलग्यांना तंत्रज्ञान आणि मुलींना घर. हायस्कुलात आधी 'शक्यतो मुलींनी घ्यावा' असं होतं, १९७३ पासून ते 'सर्व मुलींनी घेतलाच पाहिजे' झालं, चार क्रेडिट (एक क्रेडिट म्हणजे साधारण आठवड्याला एक तास, वर्षभर). मला या तारखांचा क्रम फार बोलका वाटतो. १९७३ म्हणजे जग पुढे चाललेलं, बायका ऑफिसात कारखान्यात काम करतायत, आणि शाळा मात्र मुलींना सांगतेय की घर ही तुझी जबाबदारी आणि मुलग्याला सांगतेय की तुझा काही संबंध नाही. धडा एकाच तासात दोघांना मिळत होता, एकीला आत बसून आणि दुसऱ्याला बाहेर खेळून.

याला विरोध कुठून सुरू झाला तर शिक्षकांतूनच. क्योतो प्रांताने १९७३ लाच आपल्या सरकारी हायस्कुलांत मुलगे मुली एकत्र गृहशास्त्र सुरू केलं, म्हणजे दिल्लीने... सॉरी, तोक्योने काय म्हटलं त्याची वाट न बघता. आणि १९७४ ला एक गट तयार झाला, मुलामुलींनी हा विषय एकत्र शिकावा यासाठीच, त्यात फुसाए इचिकावा होत्या. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून युद्धाआधीपासून लढलेली बाई, तेव्हा वय ऐंशीच्या आसपास, आणि ती म्हणतेय की मुलग्यांना भात शिजवायला शिकवा. मतदानाचा हक्क आणि स्वयंपाकाचा तास हे तिला एकाच लढ्याचे भाग वाटत होते आणि मला त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

मग १९७९ ला संयुक्त राष्ट्रांचा महिलांविरुद्धच्या भेदभावाचा करार आला. त्यात कलम १० मध्ये लिहिलंय की मुलगे आणि मुलींना एकच अभ्यासक्रम मिळाला पाहिजे. जपानने १९८० ला सही केली, पण सही वेगळी आणि मंजुरी वेगळी, मंजुरी द्यायची तर आधी देशातले नियम जुळवायला लागतात, आणि तिथे तीन गोष्टी अडल्या: नागरिकत्वाचा कायदा, नोकरीतल्या समानतेचा कायदा, आणि शाळेतलं गृहशास्त्र. विचार करा, एका शाळेच्या विषयाची गाठ थेट आंतरराष्ट्रीय करारात. सरकारने १९८४ ला समिती बसवली, १९८५ ला कराराला मंजुरी दिली, १९८९ ला नवीन अभ्यासक्रम जाहीर केला, आणि तो मिडल स्कूलला १९९३ आणि हायस्कूलला १९९४ पासून लागू झाला. सगळं मिळून वीस वर्षं. इचिकावा तोवर नव्हत्या, त्या १९८१ ला गेल्या.

आता मुद्द्याचं. मुलगे वर्गात आले आणि विषयच बदलला, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. जोवर फक्त मुली होत्या तोवर पुस्तक मनातल्या मनात एका गृहिणीला धरून लिहिलेलं होतं, तिचं शिवण, तिचा स्वयंपाक, तिची काटकसर. दोघं बसले म्हटल्यावर प्रश्न बदलला, की माणसाला जगायला काय लागतं? मग कुटुंब आलं, लहान मुलांना कसं सांभाळायचं ते आलं, म्हातारपण आलं, पगार खर्च कर्ज आलं, दुकानदार आणि कंपनीशी व्यवहार आला.

वर्गात नेमकं काय होतं ते जवळून सांगते. माझी भाची तोक्योत राहते, तिचा मुलगा तिथल्या सरकारी शाळेत, त्याच्या पाचवीतल्या तासाचं तिने मला सगळं सविस्तर सांगितलं, फोटो दाखवले. पाचवी सहावीसाठी भात आणि मिसो सूप (मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली पेस्ट) हे दोन पदार्थ सगळ्या देशात अभ्यासक्रमातच नेमून दिलेत. भात काचेच्या पातेल्यात शिजवतात, पारदर्शक, उष्णता सहन करणारी काच, म्हणजे पोरांना दिसतं की पाणी कधी उकळलं, तांदूळ कसे वरखाली होतायत, पाणी कधी आत शोषलं गेलं. माणशी ८० ग्रॅम तांदूळ, वजनाच्या दीडपट पाणी, अर्धा तास भिजवायचा, उकळी येईपर्यंत मोठा गॅस, मग कमी, शेवटी बंद करून दहा मिनिटं झाकण न काढता वाफेवर. आपल्याकडे बोटाच्या पेराने पाणी मोजतात आणि भात उत्तमच होतो, पण तो हात आईकडून मुलीकडे जातो, मुलाकडे जातच नाही. तिथे ग्रॅममध्ये लिहिलंय म्हणून कोणाच्याही हाताला येतं. आणि का भिजवायचं, का झाकण काढायचं नाही, हे सगळं कारणासकट.

सूपसाठी वाळवलेले छोटे मासे असतात, सुकट बोंबील खाणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसाला ओळखू येतील असे. पोरं एकेका माशाचं डोकं आणि पोट बोटांनी काढतात, नाहीतर सूप कडू होतं. मग मुळा, तळलेलं तोफू, कांद्याची पात, शिजायला जे जास्त वेळ घेतं ते आधी, पात शेवटी. मिसो अगदी शेवटी कालवायचं आणि परत उकळू द्यायचं नाही, वास जातो. दहा अकरा वर्षांची पोरं चार पाच जणांच्या गटात हे करतात, कोण कापणार, कोण गॅसकडे बघणार, कोण भांडी घासणार हे आधी कागदावर ठरवून. भांडी घासणं तासातच धरलंय, घरी आई करेल म्हणून सोडलेलं नाही. भाचीचा मुलगा आता रविवारी हे सूप घरी करतो, त्यात थोडी मिरची घालतो, आजी फोनवर बघते आणि म्हणते माझ्या मुलाने हे कधी केलं नाही.

शिवणही आहे. दोऱ्याला गाठ मारणं, बटण लावणं, धावदोरा, उलटी टीप, मग मशीनवर सरळ शिवण, पुढे एप्रन किंवा पाठीवरची पिशवी. मिडल स्कूलमध्ये जवळच्या बालवाडीत जाऊन लहान मुलांशी खेळायचं, त्यांच्यासाठी काहीतरी करून न्यायचं. काही शाळांत अंगावर वजनं बांधून आणि धूसर चष्मा घालून जिना चढायला लावतात, म्हातारपणी शरीराला काय वाटतं ते कळावं म्हणून. चौदा पंधरा वर्षांच्या मुलग्याने तान्ह्या नाहीतर दोन वर्षांच्या पोराला हात लावलेलाच नसतो आपल्याकडे, आणि दहा वर्षांनी तोच बाप होतो.

ग्राहक शिक्षणाचा भाग मला वाटतं आजच्या काळात सगळ्यात कामाचा आहे. प्राथमिकलाच शिकवतात की खरेदी म्हणजे करार, तू 'हे द्या' म्हणालास आणि दुकानदार 'हो' म्हणाला की करार झाला, पैसे नंतर दिलेस तरी. मिडल स्कूलला क्रेडिट कार्डाचा व्यवहार, म्हणजे तू, दुकान आणि कार्ड कंपनी असे तिघं त्यात कसे असतात आणि महिन्याने बिल कोणाला येतं. हायस्कूलला कर्ज, विमा, बचत, आणि २०२२ पासून गुंतवणूकसुद्धा. आणि २०२२ हे वर्ष का महत्त्वाचं तर त्या वर्षी १ एप्रिलपासून जपानने सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ केलं. आधी काय होतं, १९ वर्षांच्या पोराने आईवडिलांना न विचारता महागडा कोर्स नाहीतर ब्यूटी पॅकेज घेतलं तर तो करार नंतर रद्द करता यायचा, कारण तो अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, धरला जायचा. वय खाली आलं आणि अठरा एकोणीसच्या पोरांवरचं हे संरक्षण एका दिवसात गेलं. कायद्याने छत्री काढून घेतली म्हटल्यावर पोरांना पाऊस ओळखायला शिकवणं भाग होतं, म्हणून ठरलं की कराराचा आणि ग्राहक हक्कांचा हा भाग हायस्कूलचं दुसरं वर्ष संपायच्या आतच शिकवायचा, म्हणजे तिसऱ्या वर्षात पोरगं अठराचं होईल त्याआधी. तिथल्या कायद्याप्रमाणे दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलं तर ८ दिवसांत विनाकारण परत करता येतं, साखळी मार्केटिंगमध्ये २० दिवस, पण ऑनलाइन स्वतःहून मागवलं तर हा हक्क लागूच होत नाही, तिथे दुकानाचा परतीचा नियम काय ते आधी वाचायचं. हे पाठ करून घेत नाहीत, पोरांना खोटी जाहिरात देतात आणि यात फसवणूक कुठे आहे ते शोधायला लावतात, तक्रारीचं पत्र लिहायला लावतात.

आपल्याकडे १८ हेच सज्ञान वय आधीपासून आहे, १८७२ च्या करार कायद्यात अज्ञान मुलाचा करार धरलाच जात नाही. पण बारावीतलं पोरगं अठरा पूर्ण होताच मोबाइलवर कर्जाचं ॲप उघडतं, आणि त्याला व्याज वर्षाचं आहे का महिन्याचं हे कोणी सांगितलेलं नसतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, पण मी माझ्या वर्गात विचारते तेव्हा फार थोडे हात वर येतात. ज्या पोरींनी माझा विषय घेतला त्यांना निदान शिकवल्यावर हे कळतं. शेजारच्या वर्गातले कॉमर्स सायन्सचे मुलगे तर या सगळ्याच्या बाहेरच.

मग जपानमध्ये फरक पडला का? इथे मी हातचं राखून बोलेन. सरकार दर पाच वर्षांनी लोकांच्या वेळेचा सर्व्हे करतं. ज्या घरात सहा वर्षांखालचं मूल आहे तिथे नवरा दिवसाला घरकाम, मूल सांभाळणं, खरेदी सगळं मिळून १९९६ ला ३८ मिनिटं देत होता, २०१६ ला ८३ मिनिटं, आणि २०२१ ला ११४. तिप्पट झालं. १९९४ ला हायस्कुलात आलेली पहिली बॅच म्हणजे १९७८-७९ ची पिढी, ती या काळात बाप झाली, आणि तिथे या लोकांना गृहशास्त्राची पिढी असं म्हणतातही. पण हे सगळं एका विषयामुळे झालं असं मी म्हणणार नाही, रजेचे कायदे बदलले, बायकांच्या नोकऱ्या वाढल्या, बरंच काही झालं. आणि त्याच सर्व्हेत २०२१ ला बायकोचा आकडा आहे ७ तास २८ मिनिटं, १९९६ ला होता ७ तास ३८. म्हणजे तिचं ओझं जवळपास तिथेच. ज्यांना वाटतं की एक तास सुरू केला की घरात समानता येईल त्यांनी हे आकडे बघावेत. विषय हाताला कौशल्य देतो आणि 'मला येत नाही' ही सबब काढून घेतो. बाकीचं काम ऑफिसच्या वेळांनी आणि पगारांनी करायचं असतं, ते जपानमध्ये अजून पुरतं झालेलं नाही.

आणखी एक दुखणं. एकत्र वर्ग करायची चर्चा चालू होती तेव्हा गृहशास्त्राच्याच क्षेत्रातल्या काहींना भीती होती की मुलगे आले की तास कमी होणार. ती भीती खोटी नव्हती. १९९४ ला चार क्रेडिट होते, २००३ पासून दोन क्रेडिटचा पर्याय दिला आणि बहुतेक शाळांनी तोच घेतला, कारण युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेत हा विषय येत नाही. परीक्षेत नाही म्हणजे महत्त्वाचा नाही, हे तिकडेही तसंच. त्यामुळे आता दोन क्रेडिटमध्ये बाळ, म्हातारपण, करार, गुंतवणूक, स्वयंपाक, कपडे, सगळं कोंबायचं, आणि शिक्षिका म्हणून मला ते वाचूनच धाप लागते. कापलं जातं ते बहुधा प्रात्यक्षिक, कारण त्याला वेळ लागतो. आणि प्रात्यक्षिक गेलं तर या विषयात राहिलं काय?

आपला आणि जपानचा यातला एक जुना धागा आहे. महर्षी कर्व्यांच्या (अण्णांच्या) हातात तोक्योच्या जपान महिला विद्यापीठाची पुस्तिका आली होती, ते विद्यापीठ १९०१ चं, आणि तिथल्या पहिल्या विभागांत गृहशास्त्र होतं. ती वाचून अण्णांनी १९१५ च्या मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ ला ते सुरू केलं, आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. तिथे मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवन, आरोग्य हे विषय अभ्यासात. त्या काळात मुलींना शिकवणं हेच धाडस होतं, त्यामुळे त्यात मुलगे का नाहीत असं मी अण्णांना विचारणार नाही. पण जपान तिथून पुढे सरकला आणि आपण तिथेच राहिलो. शंभर वर्षांनंतरही गृहविज्ञान म्हटलं की मुली, हे आपलंच धरून बसणं आहे.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीसाठी उभा राहिला आणि बोर्डाने मान्य केला. आठवड्यातला एक दिवस कामाचा, त्यात वर्कशॉप, ऊर्जा, शेती आणि गृह-आरोग्य असे चार भाग, आणि चारही भाग सगळ्यांना. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा चिक्की बनवून तिचा खर्च आणि विक्रीची किंमत काढतो, हिमोग्लोबिन तपासायला शिकतो. गावातल्या शाळेत, गावातली पोरं. सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्येही स्वयंपाक हा शिक्षणाचा भाग आहे, मुलामुलींना सारखाच.

आणि याची गरज किती आहे ते बघा, लोकांच्या वेळेच्या २०१९ च्या आपल्या सरकारी सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषाचे ९७. त्यातही मुळात घरकाम करणारे पुरुषच १०० मधले २६.

माझं मागणं मोठं नाही. अकरावीला ऑप्शनल म्हणून ठेवलात की तो मुलींचाच राहणार, तोवर पोरांच्या डोक्यात कोणाचं काम काय हे पक्कं झालेलं असतं. सुरुवात पाचवी सहावीला करा, तेव्हा मुलग्यांना स्वयंपाकाची लाज वाटत नाही, उलट गॅस पेटवायला मिळतोय म्हणून उड्या मारतात. आठवड्याला एक जोडतास, दोन शेगड्या, वजनकाटा, सुयादोरे, आठवी नववीला करार, कर्ज आणि ऑनलाइन खरेदी. शिकवायला माणसं कुठून आणायची असं विचारतात, तर दरवर्षी आमच्या गृहविज्ञानाच्या मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि माध्यमिक शाळेत त्यांच्यासाठी जागाच नसते म्हणून बँकेच्या परीक्षा देत बसतात. त्या जागा काढा, आणि मुलग्यांनाही त्या पदवीला प्रवेश घ्यायला सांगा, म्हणजे पाचवीच्या वर्गात एखादा सरही एप्रन बांधून उभा राहील.